सरकार पडलं ती तारीख

—हलू नका म्हटलं ना, बाबा! ब्लेड आहे हातात, चमचा नाही. पाच वाजता तुमच्या वर्तमानपत्राची माणसं येणार, फुलं घेऊन, फोटोवाला घेऊन, आणि तुम्ही असे दाढीचे खुंट वाढवून बसलेले दिसलात की म्हणतील, लेक बघत नाही बापाकडे. मग कोण बघतं? शेजारीण? — गाल फुगवा. तो लुळा पडलेला नाही, चालतो तो. हां. सरकार पडलं त्याला आज पन्नास वर्षं झाली, ती बातमी लावणारे तुम्ही एकटेच उरलात, म्हणून सत्कार. होऊ दे. सकाळपासून फोनवर फोन — ‘ताई, आज काय दिवस आहे माहितीये ना?’ मला नाही माहीत तर कोणाला? त्याच दिवशी जन्मले ना मी! पन्नाशी माझीही आहे आज. पण ते कोण विचारतंय. मुली काय, रोज जन्मतात, सरकार थोडंच रोज पडतं — म्हणजे तेही पडतं हल्ली, पण असो.

आई सांगायची — रस्ते बंद, चौकाचौकात पोलीस, शेवटी दूधवाल्याच्या गाडीत, कॅनना धरून बसून ती दवाखान्यात गेली. एकटी. आणि तुम्ही? छापखान्यात, मथळा केवढा द्यायचा यावर भांडत! तिसऱ्या दिवशी उगवलात, हाताला शाई तशीच, आणि माझ्या जन्माचा कागद भरलात. तारीख कोणती टाकलीत? दुसऱ्या दिवशीची! का, तर तुमच्या धंद्यात आज म्हणजे उद्या. आज बसून जो अंक लावायचा त्यावर तारीख उद्याची. सवयीनं हात गेला म्हणे. आणि लोकांच्या तारखा मात्र नाही हो चुकल्या कधी! जन्मभर दिनविशेष लिहिलंत — या दिवशी अमुक तह झाला, तमुक शास्त्रज्ञ जन्मला, ती गायिका, तो बुद्धिबळपटू. एका माजी मंत्र्याचं जन्मसाल चुकलं तर जेवण गेलं नव्हतं तुम्हाला. आणि घरात? दिव्याखाली अंधार. शाळेत, ऑफिसात, बँकेत, सगळीकडे मी उद्या जन्मलेली. आई दरवर्षी आजच्या दिवशी गोडाचं करायची, तर तुम्ही ताटावर बसताना म्हणायचात, ‘वा, सरकार पडल्याचं वाटतं!’ गंमत करायचात, कळतं मला. आई हसायची, मीही हसायचे. मला हसू नाही यायचं, बाबा. रडू यायचं. तुम्हाला आता बोलता येत नाही म्हणून सांगतेय, नाहीतर तुम्ही लगेच त्या रात्रीची गोष्ट सुरू केली असती.

हनुवटी वर. — आणि सकाळी डॉक्टरांनी कॅलेंडर पुढे धरलं, आजची तारीख दाखवा म्हणाले, तर तुमचं बोट उद्यावर! मला बाजूला घेऊन सांगतात, जरा गोंधळ होतोय त्यांचा. म्हटलं, गोंधळ नाही हो, त्यांचा अंक लागतोय अजून. — थांबा. आणतेच ते कॅलेंडर. हे घ्या. चांगला हात उचला. सत्कारबित्कार गेला खड्ड्यात, मी जन्मले ती तारीख दाखवा. सरकारची नाही, माझी. ठेवा उद्यावर, ठेवा की. एवढी वर्षं नाही बोलले, आजही नाही बोलणार —

...आजच्या तारखेवर ठेवलंत बोट.

फेस लागला त्या चौकटीला. — बाबा, हे माझं दाखवताय? की सरकारचंच? नुसते बघू नका माझ्याकडे, मान हलवा ना. एकदा. हो किंवा नाही, काहीतरी सांगा ना हो मला!

...बेल वाजतेय. आली वाटतं माणसं. वाजू दे. उभी राहतील दारात, अर्ध्या दाढीनं कोणाचा सत्कार होत नाही. — गाल फुगवा.