पूर्वाचा फाय

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं हो सगळं! तीन वर्षांची माझी पूर्वा उठली आणि म्हणाली, "आई, फाय दुखतो." पायाला फाय, पोळीला फोळी आणि स्वतःचं नाव काय? फूर्वा! इतके दिवस गोड वाटायचं, पण त्या सकाळी एकदम आठवलं, सोमवारी बालवाडीत मुलाखत! तिथं बाई नाकाकडं, पायाकडं बोट करून 'हे काय' विचारतात. ही फाय म्हणाली तर घेतील का? आता मला सांगा, आईनं काळजी करायची नाही तर कुणी करायची?

सासूबाई म्हणाल्या, "जिभंला काय तरी झालं हाय, वेखंड चोळ." डॉक्टर म्हणाले, "थांबा, प येईल." येईल? प म्हणजे काय पाहुणा आहे?

शेवटी वरच्या खोलीतल्या स्वरालीला गाठलं. जुन्या भाषांचा अभ्यास करते ती. तर ही टाळ्याच वाजवायला लागली! "अहो ताई, हेच तर तिकडं युरोपात अख्ख्या लोकांनी केलं! त्यांची नि आपली भाषा मूळची एकच. फार पूर्वी, आपल्या पायात जो प आहे ना, त्याचा त्यांच्या तोंडात फ झाला. पायाला 'फोत्स' म्हणायचे. त्याचंच पुढं इंग्लिशमध्ये फूट, जर्मनमध्ये फूस..."

मी म्हटलं, "फोत्स म्हणताना ऐकलं कुणी?"

"कुणीच नाही! लिहिलेलाही सापडत नाही, म्हणून त्या शब्दाआधी चांदणी काढतात. नातवंडांची नाकं बघून पणजीचं नाक ओळखायचं, तसा ओळखलाय."

घ्या! म्हणजे फूटपट्टी काय, फूटपाथ काय, त्यातला फूट आपल्या पायाच्याच भावकीतला! आणि एवढ्या लोकांत वेखंड कुणीच नाही चोळलं?

मग काय, जिना उतरता उतरता सांगत सुटले... इस्त्रीवाला, दूधवाला, समोरच्या आनंदीबाई... "आमची पूर्वा जर्मनीच्या वळणाचं बोलते!" सोमवारी तर बालवाडीच्या बाई "बसा" म्हणायच्या आत सगळं सांगून टाकलं, फोत्स, फूस, चांदणीसकट! सातवी शिकलेली मी, पण त्या दिवशी थांबते कसली? आईनं काळजी करायची नाही तर कुणी करायची?

बाईंनी शांतपणे ऐकलं. मग पूर्वाच्या पायाकडं बोट करून विचारलं, "बाळ, हे काय?"

आणि कार्टी, तुम्हाला सांगते, खणखणीत आवाजात म्हणाली... "पाय!" वर न विचारता, "मी पूर्वा पगारे!"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "जर्मनीहून परत आली वाटतं?"

मिळाला प्रवेश! पेढे वाटले, नाचले मी! पण आता जो तो दारात येऊन "फूर्वा, फेढा खाल्लास का?" आणि काल तर खुद्द सासूबाई, "सूनबाई, फोळी वाढ!" आता यांची काळजी कुणी करायची?

तेवढं भेटेल त्याला सांगा हो... पोरगी बरी झालीये. आता तुम्हीपण बरे व्हा!