नाव शेवटी

ताई: परत म्हण. कोण गातोय हे?

धाकटा: ऐकलंस ना एकदा.

ताई: मला परत ऐकायचंय. माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून. म्हण.

धाकटा: भाऊजी.

ताई: शी! घटस्फोट होऊन चार वर्षं झाली आणि तू अजून त्याला भाऊजी म्हणतोस?

धाकटा: तोंडात बसलंय गं. पण हो, तोच. माझ्याच स्टुडिओत रेकॉर्ड झालंय. माइक मीच लावला.

ताई: थांब. तो स्टूल सरकव इकडे.

धाकटा: पाणी आणू?

ताई: पाण्याचं नाव काढू नकोस! रोज सकाळी ग्लासभर पाणी घेऊन बेसिनपाशी गुळण्या करायचा तो. शेजारच्यांना गजराची गरज नव्हती. आणि त्या घशातून आलेला आवाज मी आठवडाभर कानात घालून बसले? हेडफोन लावून? डोळे मिटून?

धाकटा: आपला नियमच आहे ना तसा. मी नवीन गाणं आणायचं, गाणाऱ्याचं नाव सांगायचं नाही. तू चित्र काढायचंस. चित्र होत आलं की मग नाव. कॉलेजपासून चाललंय आपलं हे. नाव कळलं की कान वाकडा होतो, हे कोण म्हणायचं?

ताई: मी म्हणायचे. म्हणून माझंच वाक्य माझ्या तोंडावर फेकतोस?

धाकटा: आधी नाव सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?

ताई: नसतंच ऐकलं. आणि न ऐकायचा मला हक्क होता. तो तू काढून घेतलास. आणि वर मी तुला फोन करकरून काय काय बोलले! 'अरे, कुठून शोधलास हा माणूस, याच्या पायाशी बसून ऐकावं.' पायाशी! सोफ्यावर बसून पायाची नखं कापायचा आणि माझ्या रंगाच्या बशीत टाकायचा रे तो. पिवळ्यात नख सापडलंय मला. ब्रशला लागलं.

धाकटा: ई.

ताई: ई काय, मी हाताने काढलंय ते. आणि शाळेत काय केलं माहितीय? आख्ख्या सातवीच्या वर्गाला ऐकवलं. 'मुलांनो, डोळे मिटा, आवाज आत जाऊ द्या, मग काढा.' चित्रकलेच्या बाईंचा, म्हणजे माझा, उत्साह नुसता उतू चालला होता. सगळी चित्रं व्हरांड्यात टांगलीयेत आता. हेडमास्तरीण बाई कौतुक करून गेल्या.

धाकटा: काय काढलं मुलांनी?

ताई: काय काय. पूल, विहीर, रिकामा झोपाळा. एका पोरीने नुसता पाण्याचा ग्लास काढला. म्हटलं, ग्लास कुठून आला गं? तर म्हणाली, 'बाई, या काकांना कधीची तहान लागलीय.'

धाकटा: भारीच की.

ताई: भारी काय त्यात! मी तिला शाबासकी दिली. आता माझा तो हात साबणाने घासावासा वाटतोय.

धाकटा: पण गाणं तेच आहे ना ताई? काल होतं तेच. एक सूर बदललेला नाही.

ताई: तू नको मला शिकवूस. तू त्याला आत घेतलंसच कसं? दार लावून घ्यायचं होतंस तोंडावर.

धाकटा: तेच करणार होतो. दारात उभा राहिला, म्हणाला, एक गाणं आहे, पैसे आगाऊ देतो, बाकी काही बोलणार नाही. मला वाटलं, गाऊ दे. देवाशप्पथ सांगतो, बेसूर निघावा असं मनापासून वाटत होतं. म्हटलं, ताईला ऐकवीन, पोट धरून हसू दोघं.

ताई: मग?

धाकटा: मग पहिली ओळ गायला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा घाणेरडा वागलेला माणूस आणि गळा असा? दोन दिवस चिडचिड केली. जेवण जाईना. शेवटी वाटलं, हे कुणाला तरी ऐकवलं नाही तर मी फुटेन. आणि ऐकवणार कुणाला? तुझ्याशिवाय गाणं कळणारं माझं आहे कोण?

ताई: गोड बोलू नकोस.

धाकटा: गोड नाही, खरं आहे ते.

ताई: सात वर्षं, अरे. सात वर्षं एका घरात राहिले. तुला माहितीय, एकदाही गायला नाही तो. बाथरूममध्येसुद्धा नाही. ओरडला, घोरला, गुळण्या केल्या, ढेकरा दिल्या. त्या गळ्यातून निघू शकणारं सगळं मला दिलं. एवढं सोडून.

धाकटा: कदाचित लाजत असेल.

ताई: लाजत? बायकोवर ताट भिरकावताना नाही लाजला तो! मला याचीच किळस येतेय. आवाज घाण असता तर मी हसले असते. हे त्याच्यात होतं, आणि मला त्याने गुळण्या ऐकवल्या.

धाकटा: तू तरी कधी चित्र दाखवलंस त्याला?

ताई: दाखवलं होतं. पहिल्याच वर्षी. इझलवर ठेवलं, म्हटलं, बघ ना. आंघोळ करून आला आणि ओला टॉवेल त्यावर वाळत टाकून गेला. रंग ओला होता.

धाकटा: हे मला नव्हतं सांगितलंस.

ताई: कुणालाच नव्हतं.

धाकटा: म्हणून चित्रात तो—

ताई: काय?

धाकटा: खुर्चीच्या पाठीवर. ओला टॉवेल. मी तुला विचारलं होतं, हे कुठून आलं? तू म्हणालीस, माहीत नाही, गाण्यातूनच आलं.

ताई: आणि तो श्वास. कडवं वर चढायच्या आधी घेतो ना, नाकातून, लांब. मी तुला म्हटलं होतं, या श्वासावर मी जीव ओवाळून टाकीन.

धाकटा: हो. मी कापणार होतो तो. तुझ्यामुळे ठेवला.

ताई: ओरडायच्या आधी तो अस्साच श्वास घ्यायचा. मी स्वयंपाकघरात असले तरी ऐकू यायचा. हातातलं खाली ठेवायचे मी. ओळखला होता रे माझ्या हाताने. मलाच पत्ता नव्हता. शी, शी, शी! दे तो इकडे. तो मोठा ब्रश. भिंतीचा.

धाकटा: कशाला?

ताई: काळा रंग फासणार आहे चित्रावर.

धाकटा: उद्या सकाळी टेम्पो येतोय! इतक्या वर्षांनी एका प्रदर्शनाने तुझं चित्र घेतलंय. अर्ध्या चित्राचा फोटो बघून घेतलंय!

ताई: उद्या तिथे लोक माझ्या चित्रासमोर उभे राहतील आणि मला आत तो दिसेल. त्याच्या तोंडाचा वास येईल मला. सरक बाजूला.

धाकटा: नाही सरकणार.

ताई: तुझ्या शर्टाला लागेल.

धाकटा: लागू दे. तो टॉवेल त्याने टाकला होता. पण चित्रात काढलायस तू. तेव्हा तुझं एक चित्र त्याने खराब केलं. आता दुसरं तूच करणार? त्याला एवढी मदत करतेस? कोपरा राहिलाय बघ अजून. खालचा, डावीकडचा.

ताई: दिसतोय मला.

धाकटा: काय येणार होतं तिथे?

ताई: माहीत नाही. कालपासून अडलंय. दुसरी गाणी लावून बघितली, हात हलत नाही. हेच लागतं त्याला. म्हणजे बघ, किती घाणेरडी गोष्ट आहे.

(शेजारच्या खोलीतून आईचा आवाज.)

आई: अगं, बंद का केलंत ते? आठवडाभर लावताय, आता कुठे चाल बसत होती माझ्या डोक्यात. लाव ना रे बाळा.

धाकटा: काय करू?

ताई: हे शर्टाला लागलंच शेवटी. टर्पेंटाइनने पूस, पाण्याने नको.

धाकटा: ताई, काय करू?

ताई: हा भिंतीचा ब्रश घे आणि बादलीत ठेव. मला तो बारीक दे, शून्य नंबर. आणि लाव.

धाकटा: नक्की?

ताई: लाव म्हटलं ना. माझ्याकडे बघू नकोस मात्र. आणि उद्यापासून त्याला तुझ्या दारात उभं करायचं नाही.

धाकटा: नाही करणार.

ताई: आवाज वाढव. तो श्वास नीट ऐकू यायला हवा.

आई: हां, हेच! किती मऊ गातो गं हा मुलगा. चांगल्या घरातला दिसतो. कोण आहे गं?

ताई: आधी पूर्ण ऐक, आई. नाव शेवटी.