स्ट्रेस त्याले हाय

...अन् वरून शेठ मलेच म्हणते, "रामकिसन भाऊ, हळू बोला, त्याले स्ट्रेस येते." आता तुमीच सांगा, रिसोडातला मे महिना, भर दुपार, लाईन गेलेली, बनियन पिळली तं तांब्याभर घाम निघीन, खांद्यावर बर्फाचं पोतं घेऊन धावत आलेला मी, अन् स्ट्रेस कोणाले? तं टाकीत लोळत पडलेल्या त्या इतभर जनावराले! मले नाही, मालकाले नाही, मालकिणीले नाही. स्ट्रेस त्याले हाय.

हेच ते पोतं. गळून राह्यलं ते बर्फाचं पाणी हाय, पाय सरकवा जरासे. सायकल बसली, पंक्चरवाला जेवाले गेला, येतोच म्हणे... तवरोक या लिंबाखाली टेकतो. सावलीत ठेवू म्हणता? सावलीतही वितळतेच ना बाप्पा, बर्फाले कोण सांगावं.

कोणतं जनावर म्हणता? नाव मले नीट येत नाही, आक्सोलोटल का काय म्हणतात, परदेशातलं हाय. मासोळी म्हणावं तं चार पाय, पाल म्हणावं तं पाण्यात राह्यते, अंग गुलाबी, जसं आताच जन्मलेलं उंदराचं पिल्लू, मानेच्या दोन्ही बाजूले झालरी, अन् तोंड असं की सदा हसून राह्यलं. उपाशी असलं तरी हसते, दुखलं तरी हसते. कसं समजाव माणसानं? बब्बू नाव हाय त्याचं.

अन् असं जनावर कोणाच्या घरी असाव? माह्या भिंतीले भिंत लागून चंपालालचं घर, त्याच्या! धान्याचा दुकानवाला, जैन माणूस, पाणी उकळून पिते, सूर्य बुडाच्या आंधी जेवते, कांदा-लसूण सोडा, घरात आलूही येत नाही. ज्वारीत सोंडे पडले तं सुपात घेऊन मांगच्या सावलीत नेऊन सोडते, मारत नाही. मी म्हणतो, शेठ, ते सोंडे सायंकाळपर्यंत माह्या कणगीत येतात ना! तं म्हणते, "जीव हाय भाऊ, जाईन कुठं तरी." कुठं तरी म्हणजे माह्याच घरी. आता अशा माणसाच्या घरी जे जनावर आलं, त्याले जेवणाले काय लागते? जित्ते गांडूळ!

तुमाले सांगतो, हे सबन झालं त्रिशलेपायी. त्रिशला म्हणजे चंपालालची एकुलती एक पोट्टी, माह्या अंगणात वाढलेली. पुण्याले शिकाले गेली अन् एका सुटीत हे बब्बू काचेच्या बरणीत घेऊन आली. बाप म्हणे, "हे काय आणलं?" तं म्हणे, "पप्पा, दुकानात मरून राह्यलं होतं, कोणी पाहतही नव्हतं." झालं. बापाचीच पोरगी ते. तिनं टाकी मांडली, पुण्याहून त्याच्या खाण्याच्या गोळ्या मांगवून चारल्या, रात्री टाकीजवळ बसून त्याच्याशी बोले. आमाले वाटलं, शिक्षण झालं, आता नोकरी करीन, लग्न होईन, बब्बूले घेऊन जाईन सासरी. सासरचे पळतीन, असं मी गमतीनं म्हणो.

अन् एक दिवस पोरगी म्हणते, "मले दीक्षा घ्याची हाय."

चंपालालनं काय म्हणाव? जन्मभर जैन साधूंच्या स्थानकात बसून दुसऱ्यायच्या पोरींच्या दीक्षेले हात वर करून जयजयकार केलेला माणूस. नाही म्हणाले तोंड कुठं होतं त्याले? त्याची बायको, भागिरथी भाभी, रडली, मंग तिनंही डोळे पुसले. मोठी मिरवणूक निघाली, बँड वाजला, सबन गाव म्हणे, धन्य ते मायबाप. धन्य तं होतेच. मी पाह्यलं ना, धन्य माणूस मांगच्या खोलीत टाकीच्या आड तोंड लपवून कसा रडते ते.

तिनं सबन वाटून टाकलं. स्कुटी मामाच्या पोरीले, मोबाईल कोणाले, कपडे कोणाले. राह्यला बब्बू. वस्तू असती तं वाटली असती, जीव हाय ना तो! आदल्या रात्री बापाले म्हणे, "पप्पा, याले नदीत-तळ्यात सोडू नका, आपल्या पाण्यात मरून जाईन. तुमी सांभाळा. पाणी फक्त थंड ठेवा." इतकंच मांगितलं पोरीनं. दुसऱ्या दिवशी पांढरे कपडे, डोक्यावर केस नाही, अन् बाप सवयीनं "बेटा" म्हणाले गेला तं चार जणांनी टोकलं, "शेठजी, आता महासतीजी म्हणा." म्हटलं त्यानं. म्हणावंच लागते.

पाणी फक्त थंड ठेवा! आता कोण सांगीन तिले, की बाई, तुह्या बापाचं गाव वाशिम जिल्ह्यात हाय, हिमालयात नाही!

बरं, पुण्याच्या गोळ्या संपल्या तं बब्बू काही खाईना. चंपालालनं मुगाची दाळ भिजवून टाकली, पोळीचा चुरा टाकला. हात जोडून म्हणे, "खा ना रे, सात्त्विक हाय." बब्बू हसून राह्यला. मंग मी वावरातल्या मोटारीजवळच्या चिखलातून गांडूळ आणाले लागलो. मी चारतो, अन् शेठ भिंतीकडे तोंड करून उभा, हात जोडून त्या गांडुळाची माफी मांगून राह्यला. मधातच विचारते, "झालं का?" मी म्हणतो, "अर्धं राह्यलं." "तेवढं सांगू नका ना भाऊ." बर्फाचंही तसंच. त्यायच्यात कच्च्या, म्हणजे न उकळलेल्या, पाण्यात जीव मानतात, बर्फ तं मंग विचारूच नका, म्हणून बर्फही मीच आणतो. गांडुळाचं पाप माह्यावर, बर्फाचं पाप माह्यावर. शेजारी कायले असते म्हणतो मी!

यंदा तं उन्हानं कहरच केला. टाकीचं पाणी चहा टाकावा असं तापे. बब्बूच्या झालरी पुढं वळल्या, शेपटीचं टोक मुडपलं, गांडूळ नाकासमोर धरलं तरी पाहे ना. जनावराच्या डॉक्टरले आणलं, त्यानं टाकीभोवती चक्कर मारली अन् म्हणे, "शेठ, म्हैस असती तं सांगितलं असतं, याले हात कुठून लावू?" पुण्याच्या दुकानदाराले फोन केला, तो म्हणे, "अंकल, पाणी अठरा डिग्रीच्या वर गेलं की त्याला स्ट्रेस येतो." अठरा डिगरी! रिसोडात अठरा डिगरी माणसाले भेटते हिवाळ्यात पहाटे, तेही शेकोटीपासून उठून गेलं तं.

मंग काय, ज्या माणसानं जन्मभर "दुकानात बसणाऱ्याले एसी कायले" म्हटलं, त्यानं बब्बूच्या खोलीत एसी बसवला. जनावर आत एसीत, अन् मालक बाहेर ओसरीत, पंखाही बंद करून! मी म्हटलं, शेठ, बैताड झाले का तुमी? आत बसा ना, थंडगार हाय. तं हळूच म्हणते, "तिले पंखाही चालत नाही, भाऊ."

तवा माह्या ध्यानात आलं, दीक्षा घेतल्यावर पंखा नाही, चप्पल नाही. चप्पलही सोडली होती त्यानं. या डांबरावरून दुकानात अनवाणी जाये, टाचा फुटून रक्त निघे. भागिरथी भाभी चिडे. म्हणे, "पोरगी उन्हातान्हात गावोगाव पायी हिंडून राह्यली, तिच्या पायाले फोड, अन् हा लाडका एसीत! तिले थंड पाणी देता येत नाही म्हणून याले देऊन राह्यले का तुमी?" मंग उठून तिनंच बब्बूच्या टाकीवर ओला पंचा टाकला.

अन् अशात बातमी आली, महासतीजी रिसोडात येऊन राह्यल्या. पोरगी येणार! दीक्षेनंतर पहिल्यांदाच. आता तुमाले त्यायचा कायदा सांगतो, म्हणजे पुढचं समजीन. त्या भिक्षेले कोणत्या घरी कवा येतीन, सांगत नाहीत. यांनी मुद्दाम रांधून ठेवाचं नाही, घरचं असीन तेच द्याचं. अन् देणाऱ्याचा हात कच्च्या पाण्यानं ओला असला तं त्या दिवशी ते घर चालत नाही. तशाच परत जातात.

मंग काय राज्या, चंपालाल हात सांभाळत बसला. सकाळपासून कोरडे. पाण्याच्या माठाजवळ जाये ना, टाकीजवळ जाये ना, घाम आला तरी बाहीले पुसे. "रामकिसन भाऊ, तेवढे चार दिवस बब्बूचं तुमीच पाहा." मी पाह्यलं. महासतीजी एकदा त्या गल्लीले गेल्या, एकदा या गल्लीले, याच्या दारी काही येईनात. भाभी रोज पोळ्या करून झाकून ठेवे, तिच्या आवडीच्या मेथीच्या... नाही नाही, मुद्दाम नाही, घरच्यांसाठीच. घरात रोज मेथीचीच पोळी, चंपालाल म्हणे, "आमाले आवडते." त्याले मेथी कधीच आवडत नव्हती.

अन् ज्या दिवशी त्या आल्या, नेमकी त्याच दिवशी लाईन गेली. सकाळपासून. एसी बंद, खोली भट्टी झाली. मी बर्फ आणाले धावलो, कारखान्यावर ही गर्दी. इकडे चंपालालनं दारातून डोकावून पाह्यलं तं बब्बू पाण्यावर आलेला, उलटा, पांढरं पोट वर. हसूनच राह्यला. बापानं एक डाव आपल्या हाताकडे पाह्यलं असीन, एक डाव दाराकडे. मंग बाह्या सारून दोन्ही हात कोपरापर्यंत टाकीत घातले अन् त्याले उचलून माठातल्या पाण्यात सोडून राह्यला...

अन् त्याच वक्ताले त्या दारात.

मी मांगून पोहोचलो, म्हणून मले सबन दिसलं. पायऱ्यांवर दोघी, एक मोठ्या महासतीजी अन् एक आपली त्रिशला, पाय भाजून काळे पडलेले. पुढं बाप धावत आला, दोन्ही हातातून पाणी गळून राह्यलं, फरशीवर टाकीपासून दारापर्यंत थेंबच थेंब. मांगं मी, खांद्यावर गळतं पोतं. आत भाभी, पोळीचं ताट हातात, अन् मधात ती ओली फरशी. चंपालालनं हात धोतराले पुसले. पण पुसून होते का ते?

"त्रि... महासतीजी," म्हणे, "एक मिनिट..."

तिनं त्याच्या हाताकडे पाह्यलं. मंग त्याच्या मांगच्या रिकाम्या टाकीकडे पाह्यलं, अन् माठाकडे. ओठ हालल्यासारखे वाटले मले. मंग त्या आशीर्वाद देतात तसा हात वर केला, "दया पालो", म्हणजे जीवावर दया ठेवा, असं म्हटलं, अन् कोरड्या कडेकडेनं उतरून दोघी निघून गेल्या. रिकामं पात्र घेऊन. भर दुपारी, त्या डांबरावरून.

चंपालाल दारात उभा राह्यला, त्या वळणाआड जाईपर्यंत. मंग परत आला अन् म्हणते कसा, "रामकिसन भाऊ, बर्फ फोडा." मी फोडला. बाटल्या गार करून माठात सोडल्या. बब्बू पालथा झाला, एक पाय हालवला, मंग दुसरा. जगला तो! भाभीनं ताट झाकलं. मंग विचारलं, "हात कायले घातला तुमी?" रागानं नाही, उगीच विचारलं.

चंपालाल म्हणे, "तिनंच सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या पुढच्या गावाले निघाल्या. पोचवाले वेशीपर्यंत जातात सबन, आमीही गेलो. वेशीवर सगळे हात जोडून उभे राह्यले, तं हा मांगून पुढं झाला, मान खाली, म्हणते, "रात्री खाल्लं त्यानं." बस्, इतकंच. लोकायले वाटलं, हे काय बोलून राह्यला शेठ. तिनं उचललेलं पाऊल एक क्षण तसंच ठेवलं. मंग टाकलं, अन् चालाले लागली. मांगं वळून पाहाचं नसते त्यायनं.

आता दोन-तीन वर्षं तरी इकडं येणं नाही म्हणतात. पण चंपालालनं टाकीच्या बाजूले एक खिळा ठोकला, अन् त्याच्यावर धुतलेला टॉवेल टांगून ठेवते. रोज बदलते भाभी, वापरत कोणीच नाही. मी एक दिवस हात पुसाले गेलो तं शेठ म्हणे, "त्याले नका लावू भाऊ, तो कोरडा राहू द्या."

आला का पंक्चरवाला? बरं झालं... हे घ्या, बोलता बोलता अर्धा बर्फ गेला ना! अन् लाईन अजूनही नाही. आता हा उरलेला घेऊन जातो, तो पुन्हा ओसरीत बसला असीन, अनवाणी, पंखा नाही, घामानं निथळून राह्यला. परवा विचारलं मी, "शेठ, तोंड पाहा आरशात, अर्धे झाले तुमी. काय होते तुमाले?"

तं मलेच म्हणते, "मले काय होते? हळू बोला भाऊ. स्ट्रेस त्याले हाय."