मिस्टर हार्लन यांचा नंबर का लागला नाही

मान्यवर अध्यक्ष श्री. बफर्ड क्लेटन, मंचावरचे पाद्रीबुवा ऑडी स्मिदरमन, वेळात वेळ काढून आलेले शेरीफसाहेब, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते मिस्टर हार्लन टिडमोर, त्यांना टेनेसीला न्यायला आलेल्या त्यांच्या भगिनी मिस वर्नीस, मिल क्रीक नेमबाजी क्लबच्या सभासद भगिनींनो आणि बंधूंनो, आणि भाषणं सुरू व्हायच्या आत कोंबडीवर हात मारून बसलेल्या मागच्या टेबलावरच्या मंडळींनो, तुम्हालाही नमस्कार. खा, खा. पण चावताना ऐका.

पाद्रीबुवा या गावात नवीन आहेत म्हणून सांगते, मी नेल्डा पॅजेट. क्लबचं स्वयंपाकघर माझ्याकडे असतं. शाळा मी लवकर सोडली, शाळेनंही मला थांब म्हटलं नाही. तेव्हा भाषणात फुलं-बिलं गुंफता येत नाहीत मला. बफर्ड म्हणाला, "नेल्डा, गोड बोल हं जरा, निरोप आहे." प्रयत्न करते.

मिस्टर हार्लन आमच्या रेंजचे, म्हणजे नेमबाजीच्या मैदानाचे, प्रमुख. शनिवारी लाईनवर, जिथे उभं राहून आपण गोळ्या मारतो तिथे, त्यांचा शब्द शेवटचा. गोळीबार थांबला की ते एकेकापाशी येणार. गोळ्या भरलेलं मॅगझीन मुठीतून काढलं का? वरचा भाग मागे ओढून अडकवला का? मग स्वतः वाकून नळीच्या मुळाशी, गोळी बसायची ती जागा बघणार. आणि बघून भागायचं नाही, करंगळी आत घालणार. "डोळे फसतात, बोट फसत नाही," हे त्यांचं वाक्य. एकदा झालं की परत एकदा. तोवर पुढे टार्गेटपाशी कुणी पाऊल टाकायचं नाही.

आता खरं सांगा, आपल्यातलं कोण हसलं नाही याला? मी तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायचे, "अहो मिस्टर हार्लन, बिस्किटं दगड झाली! पिस्तूल तपासताय की दातांचे डॉक्टर आहात?" सगळी लाईन हसायची. ते हात वर करून म्हणायचे, "आलोच, नेल्डा." आणि पुन्हा बोट घालायचे.

पाद्रीबुवा, आणखी एक समजून घ्या म्हणजे पुढचं कळेल. आपल्या लष्कराची जुनी पिस्तुलं, आपल्या आजोबा-काकांनी कंबरेला लावलेली, ती सरकारच्या पाठिंब्यानं आता साध्या लोकांना विकतात. पण दुकानात जाऊन घेतलं, असं नाही. क्लबचं सभासद असावं लागतं, नेमबाजी केल्याचं दाखवावं लागतं, मग सोडतीत नाव टाकायचं. नंबर लागला तर पिस्तूल परवाना असलेल्या दुकानात येतं. कुठलं येईल ते नशीब. निवडता येत नाही. माझ्या नवऱ्याला, रॉय डेलला, आलं ते असं खरवडलेलं की कुणीतरी त्यानं तंबूच्या खुंट्या ठोकल्या असाव्यात. मला आलं ते लोण्यासारखं गुळगुळीत. बसा म्हटलं बोंबलत.

माझी नेमबाजीची परीक्षा मिस्टर हार्लननीच घेतली. मी म्हटलं होतं, "लिहून टाका हो, नेल्डानं गोळ्या मारल्या म्हणून. मला ग्रेव्ही ढवळायचीय." तर म्हणाले, "ग्रेव्ही खाली उतरव आणि लाईनवर ये. खोटं मी लिहीत नाही." आले. शिकले. इथल्या निम्म्या घरांतल्या पिस्तुलांची कागदपत्रं त्यांनीच आपल्याला समजावून दिली. पेट्या आल्या की उघडायला आपण त्यांनाच बोलवायचो.

आणि त्यांचं स्वतःचं? दरवर्षी आपण विचारायचो. "काय मिस्टर हार्लन, यंदा?" ते मान हलवायचे, "नाही लागला नंबर." आपण त्यांना काय काय म्हटलं नाही! रॉय डेल म्हणायचा, "हार्लन, तुझं नशीब बघून डासही दुसऱ्या घरी जातो." आणि मी, माझी अक्कल बघा, त्यांच्या वाढदिवसाच्या केकवर पाण्याचं प्लॅस्टिकचं पिस्तूल रोवलं. साखरेनं लिहिलं, 'नंबर लागला!' तुम्ही टेबलं बडवलीत. तेही हसले. ते खेळणं त्यांनी उचललं आणि त्याचं तोंड हळूच भिंतीकडे वळवून ठेवलं. कुणाच्या दिशेनं राहू नये म्हणून. मला ते दिसलं होतं. मी म्हटलं, म्हातारा विनोदही तपासून घेतो.

आता आजच्या कार्यक्रमात छापलंय, 'सभासदांतर्फे खास भेट, हस्ते सौ. नेल्डा पॅजेट.' ती भेट म्हणजे माझं ते लोण्यासारखं पिस्तूल. कल्पना माझी. म्हटलं, आपल्याला सगळ्यांना मिळालं, ज्यानं मिळवून दिलं तो मोकळ्या हातानं चालला, हे शोभतं का? बफर्डनं अक्रोडाच्या लाकडाची पेटी केली, झाकणावर त्यांचं नाव कोरलं. शेरीफसाहेब, सगळं कायद्यात बसवून घेतलं होतं, भुवया खाली घ्या.

ती पेटी माझ्या पायाशी, या टेबलाखाली आहे. आणि मी ती वर काढणार नाही.

बफर्ड, असा बघू नकोस. सांगायला वेळच मिळाला नाही तुला.

दुपारी मिस वर्नीस अंड्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघरात आल्या. मी मोठ्या तोऱ्यात पेटी उघडून दाखवली. बाईंच्या हातातलं ताट वाकडं झालं, अंडी घसरली. म्हणाल्या, "अगं, हे त्याला देणार तुम्ही? सगळ्यांसमोर?" मग त्यांनी सांगितलं. मी ॲप्रन तसाच ठेवून मिस्टर हार्लनच्या घरी गेले. ते पुस्तकं खोक्यात भरत होते. मी दारातच विचारलं, कारण मला आडून विचारता येत नाही.

"तुम्ही सोडतीत नाव कधी टाकलंच नाही ना?"

"नाही, नेल्डा."

"मग आम्हाला खोटं का सांगितलं?"

"नंबर लागला नाही म्हटलं की तुम्ही हसून सोडून द्यायचात. दुसरं काही म्हटलं असतं तर समोर बसवून कारण विचारलं असतंत."

या गावी यायच्या आधी, टेनेसीत असताना, त्यांच्याकडे असंच एक पिस्तूल होतं. लष्करातून आलेलं, याच जातीचं. एका संध्याकाळी त्यांनी ते साफ करायला घेतलं, मॅगझीन काढलं, तेवढ्यात कुणी हाक मारली म्हणून तसंच कपाटात ठेवलं. मॅगझीन काढलं म्हणजे रिकामं झालं, असं मनात. नळीत एक गोळी होती. त्यांचा मुलगा ड्वेन, नुकतंच लग्न ठरलेला पोरगा, त्यानं ते बघायला हातात घेतलं. मॅगझीन नाही हे त्यानंही पाहिलं होतं.

यापुढचं मी बोलत नाही.

मी विचारलं, "मग या रेंजवर आलात कशाला? लांब पळायचं सोडून?" तर म्हणाले, "पळून कुठे जाणार? या गावात पिस्तुलं तर येणारच होती. कुणीतरी बोट घालायला हवं होतं."

आणि मी त्यांना दातांचे डॉक्टर म्हणत होते.

मी म्हटलं, "पेटी मी दिली असती तर?" म्हणाले, "घेतली असती. आभार मानले असते. तुम्हा सगळ्यांना खाली मान घालायला लावलं नसतं." हे ऐकून मला जी लाज वाटली, ती, मंडळी, कोंबडीबरोबर गिळता येत नाही. मी करून बघितलं. आपण एका माणसाच्या हातात त्याच्या मुलाचं मरण द्यायला निघालो होतो, रिबीन बांधून, आणि वर टाळ्या वाजवणार होतो. बरं, आपल्याला ठाऊक नव्हतं, कबूल. पण इतक्या शनिवारांत कुणी एकदा तरी विचारलं का, मिस्टर हार्लन, इतकं का तपासता? हसायला वेळ होता आपल्याला. विचारायला नव्हता.

हे इथं सांगू का, असं मी त्यांनाच विचारलं. म्हणाले, "सांग. मला कधी जमलं नाही. थोडक्यात सांग, तुला जमणार नाही म्हणा." जमलं नाहीच.

पेटी क्लबच्या तिजोरीत राहील. ज्याच्याकडे स्वतःचं नाही त्यानं त्यावर शिकावं, ही त्यांचीच इच्छा. मिस वर्नीस, तुमच्यासाठी पेकनच्या दाण्यांची गोड पाई बांधून ठेवलीय. तिच्यावर काहीही रोवलेलं नाही.

अध्यक्षांनी वेळ दिला, चर्चनं सभागृह दिलं, भगिनींनी रांधलं, सगळ्यांचे आभार. माझ्या बोलण्यात जे राठ लागलं असेल ते पदरात घ्या, आणि हसण्यात जे चुकलं त्याची माफी माझ्या एकटीची नाही, आपल्या सगळ्यांच्या वतीनं मागते.

आणि मिस्टर हार्लन, तुमच्या घरून परत आल्यावर, पेटी टेबलाखाली ठेवायच्या आधी मी ते पिस्तूल हातात घेतलं. तोंड भिंतीकडे केलं. मॅगझीन काढलं. वरचा भाग मागे ओढून अडकवला. बघितलं. मग बोट घातलं. परत एकदा घातलं.

रिकामं आहे. आणि या वेळी मी हसले नाही.