हा रुमाल पुसण्यासाठी नाही

हॅलो? … हॅलो, कोण बोलते आहे? … ताई, तू? मग हा नंबर कोणाचा? … पोस्टमास्तरांच्या घरचा? म्हणजे तू तिथे जाऊन बसलीससुद्धा?

मी तुला जा म्हटले नव्हते. … मुळीच नव्हते. मी एवढेच म्हटले होते की, त्यांच्या मनात किल्मिष आले असेल तर ते काळच दूर करील. त्याचा अर्थ 'ताई, तू जा' असा कसा होतो?

… पुस्तकातले नाही बोलत. माणसाने जरा घडवून बोलावे, इतकेच. … हो, सातवीच. सातवी झालेल्याने घडवून बोलू नये असा नियम आहे का?

थांब, फोन आरशाला टेकवून ठेवतो. माझे दोन्ही हात गुंतले आहेत. … हं, बोल आता. … बो बांधतो आहे. … बो. गळ्यापाशी असतो तो. … फुलपाखरू म्हण हवे तर. … वेटर म्हणालीस तरी राग नाही. वेटर नीटनेटका असतो.

काय म्हणतात ते? … सावकाश सांग, एका दमात नको. … हं. … हं. … 'ज्याला माझ्यापेक्षा स्वतःचा रुमाल मोठा वाटतो, त्याच्या घरी मी माझी मुलगी देणार नाही.' अगदी असेच म्हणाले? … वाक्य मात्र चांगले आहे. … नाही गं, थट्टा नाही करत. बोची गाठ उलटी बसली माझी. तरी वाक्य चांगले आहे ते आहेच.

अगं, ऐक ना. आपण मागणी घालायला गेलो त्या दिवशी तू आत मुलीच्या आईपाशी बसली होतीस. बाहेरच्या खोलीत काय घडले ते तू पाहिलेच नाहीस. … त्यांनी सांगितले ते त्यांचे झाले. आता माझे ऐक.

पोस्टमास्तर बोलता बोलता हात हलवतात. सवय आहे त्यांची. कप कलंडला आणि चहा त्यांच्या विजारीवर… बरं, पँटवर. पँटवर सांडला. त्यांनी थेट माझ्या कोटाच्या वरच्या खिशाकडे हात केला आणि म्हणाले, 'रुमाल द्या हो जरा.' मी म्हणालो, 'क्षमस्व. हा रुमाल पुसण्यासाठी नाही.' … हो, म्हणालो. … पण माझा हात तेव्हा दुसऱ्या खिशात होता, ताई. मी दुसरा रुमाल काढत होतो. काढतच होतो. तोवर त्यांनी शेजारचे वर्तमानपत्र ओढले आणि गुडघा पुसला. छपाईची शाई लागली. … शाईचे मलाही वाईट वाटले.

… दोन. हो, दोन रुमाल. एक छातीवर, एक खिशात. छातीवरचा रेशमी आहे, तो चहा टिपत नाही, नुसता पसरवतो. मी तो दिला असता तर गुडघ्याचा चहा मांडीपर्यंत गेला असता आणि मग त्यावरून वेगळे बोलणे ऐकावे लागले असते.

… 'हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे.' ठीक. पण दाखवायचे दात घरी ठेवून ये, असे हत्तीला कोणी सांगत नाही.

… अगं, अर्धा दोष तर शब्दाचा आहे. दोन्हींना आपण रुमालच म्हणतो. त्यातल्या एकाला वेगळे नाव असते तर सोयरीक मोडायची वेळ आली नसती.

तुझे ऐकतोच आहे. … बरं. … आज त्यांचे दोघे भाऊ येणार. … मला बघायला. … मी साधा शर्ट घालून यायचे, सर्वांसमोर 'चुकलो' म्हणायचे आणि विषय संपवायचा. … नाहीतर? … नाहीतर पुन्हा यायचेच नाही. कळले.

मग नाही.

… नाही म्हणजे नाही, ताई. … रडू नकोस. … मग नाक का ओढतेस? … बरं, सर्दी.

आता मला बोलू दे. मध्ये 'पण' घालू नकोस. आठवडाभर मी काय करतो? लोकांच्या फरशा घासतो. ओल्या फरशीवर मशीन फिरवायचे, कोपरे गुडघ्यांवर बसून हाताने. संध्याकाळी अंगावरचा तो राडा वाळला की मी पिठात लोळवलेल्या माशासारखा दिसतो. पापण्यांवरही पांढरे. लिफ्टमध्ये शिरलो की लोक कपडे आवरून घेतात. त्यांचे चुकत नाही, डाग पडतो. मी एका बाजूला उभा राहतो. त्या सहा दिवसांबद्दल मी कधी तक्रार केली? … केली का, सांग. … मग सातवा दिवस माझा. त्या दिवशी मी आंघोळ करतो, नखे घासतो, राखी कोट घालतो, काठी घेतो आणि तळ्याला फेरी मारून तिथल्या बागेतला वाद्यवृंद ऐकत बसतो. कोणाच्या अध्यातमध्यात नाही.

… पाय धड आहेत हे मलाही ठाऊक आहे. काठी पायांसाठी नसते, हातांसाठी असते. रिकामे हात कुठे ठेवावेत हे कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत.

… असेल, कोट मेलेल्या माणसाचा असेल. जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेतला तेव्हा मी मूळ मालकाची चौकशी केली नाही. पण शिंप्याने तो तीनदा उसवून माझ्या अंगावर बसवला आहे. आता त्यात खांदे जिवंत माणसाचे आहेत.

आणि ती काय म्हणते? … पोस्टमास्तरांचे नाही विचारत, तिचे विचारतो आहे. … 'चष्मेवाली' म्हणू नकोस, तिचा स्वतःचा चष्मा नाही, ती चष्म्याच्या दुकानात काम करते. … तुला सांगितले नव्हते? मी तिथे बिननंबरचा चष्मा घ्यायला गेलो होतो. … बिननंबरचा. साध्या काचांचा. सोनेरी काड्यांचा होता, कोटावर शोभला असता. … हस, हस. तिने माझे डोळे तपासले आणि म्हणाली, 'डोळे छान आहेत तुमचे, चष्मा कशाला? बाकी सगळे राहू द्या.' … बाकी सगळे राहू द्या, ताई. वर पाहिले, खाली पाहिले, जाकिटाचे शेवटचे बटण मुद्दाम उघडे आहे हेही पाहिले आणि म्हणाली, राहू द्या. आजवर सगळ्यांनी मला काढा, काढा एवढेच सांगितले. तूसुद्धा.

… कोण हसले? … तू नाही, तुझ्या मागे कोणीतरी हसले. … ताई, खरे सांग. फोन स्पीकरवर आहे का?

केव्हापासून? … 'हॅलो'पासून?

तू माझी सख्खी बहीण ना? … नाही, आता बंद करून काय उपयोग. दूध उतू गेल्यावर गॅस बंद करण्यासारखे आहे ते. … शेजारीच बसले आहेत? … दे त्यांना. … भांडत नाही. दे म्हटले ना.

नमस्कार, काका. … हो. आपण ऐकत आहात याची कल्पना नव्हती. … नाही, मागे घेत नाही. आपल्या तोंडावरही हेच बोललो असतो, फक्त वाक्ये थोडी बरी जुळवली असती.

… त्याबद्दल क्षमा मागतो, काका. अगदी मनापासून. आधी रुमाल द्यायचा आणि मग बोलायचे, तो क्रम माझ्याकडून चुकला. आपल्याला आपल्या घरात, आपल्याच खुर्चीत अपमान वाटला, तो माझ्या जिभेचा दोष. आपल्या भावांसमोरही हेच सांगेन. … कपड्यांबद्दल नाही. कपड्यांनी आपले काही वाईट केलेले नाही.

… इस्त्री मीच करतो. … धुतोही मीच. आपली मुलगी माझ्या कॉलरींना स्टार्च करत बसेल अशी भीती असेल तर ती काढून टाका. तिने एकदा हौसेने माझ्या एका शर्टाला इस्त्री केली होती. कॉलर अशी झाली की जणू कान लांब झाले. तिचे मन मोडू नये म्हणून मी दिवसभर तोच शर्ट घातला. पुन्हा मी ती वेळ येऊ देणार नाही.

… पुन्हा कोणीतरी हसले. … असू दे.

… हो, फरशीवाला आहे. त्यात लपवण्यासारखे काय? … 'फरशीवाल्याने फरशीवाल्यासारखे राहावे.' … हे आपण म्हणता की आपले भाऊ म्हणतील? … भाऊ. मग त्यांना सांगा, फरशीवाला फरशीवर असतो तेव्हा फरशीवाल्यासारखाच असतो. आपणही पोस्टातून घरी येताना खाकी पिशवी खांद्याला लावून येत नव्हता. … बरं, आपण मास्तर होता, पिशवी नव्हती. माझी उपमा चुकली. मुद्दा चुकला नाही.

… भाऊ हसतील? हसू द्या त्यांना. लोक पहिल्या वेळी हसतात. दुसऱ्या वेळी हळूच शिंप्याचा पत्ता विचारतात.

… फक्त आजचा दिवस? … काका, आपण वडीलधारे आहात, आपला शब्द मोडताना जीभ जड होते. पण विचार करा. आज मी साध्या शर्टात आलो, तर भावांसमोर आपण जो जावई उभा कराल तो मी नसेन. पुढे कधी मी कोट चढवला की आपणच म्हणाल, 'लग्नाआधी बरा होता हो.' मग फसवले कोणी? मी आपल्याला फसवू इच्छित नाही. आहे तो असा आहे. अंगावर घ्यायचा असेल तर अस्तरासकट घ्या.

… ऐकले. … 'मग येऊ नका.' … ऐकले, काका. पुन्हा सांगू नका.

आपले घर, आपला अधिकार. उंबरा ओलांडणार नाही. पण समोरचा रस्ता सर्वांचा आहे. फाटकासमोर झाडाखाली बाक आहे ना? ठरल्या वेळी मी येईन आणि त्या बाकावर बसेन. … आपण बोलवाल तोपर्यंत. … धमकी कसली? बसण्याची धमकी होते का? … शेजारी काय म्हणतील? म्हणतील, एक सभ्य गृहस्थ बाकावर बसला आहे. … अंधार पडला की घरी जाईन. उद्या नाही येणार, उद्या एका शाळेची फरशी धरली आहे. पुढच्या रविवारी येईन. मग त्याच्या पुढच्या. … हट्टी आहे, मान्य. आपणही काही कमी नाही.

हॅलो? … काका? … हॅलो, फोन कोणी घेतला?

तू? … मला वाटले, तू दुकानात असशील. … सगळे ऐकलेस? … कॉलरचेसुद्धा? … अगं, उदाहरणादाखल सांगितले. … कान लांब झाले होते, हे मात्र खरे.

… बाकाचे काय? … रंग दिला? … कधी, आज सकाळी? … ओला आहे. … कोणता रंग? … हिरवा. राखी कोटावर हिरव्या पट्ट्या. नाही, ते शक्य नाही.

… मग बसत नाही. उभा राहतो. कोट तसाही उभ्या माणसालाच शोभतो. बसले की पाठीला सुरकुत्या पडतात.

… तू? … तू कशाला उभी राहतेस? … नको. ऐक माझे. घरात पाहुणे आणि तू रस्त्यावर, बरे दिसेल का ते? … बाबांच्या समोरच बोलते आहेस ना हे? … मग ते काय म्हणतात? … खिडकीपाशी गेले. … बाकाला हात लावून रंग वाळला का बघून ये, असे ताईला सांगतात? … त्याला काय म्हणायचे, ते तूच ठरव. मला कळत नाही. वाळला नसेल तरी मी येतोच आहे.

… काय घालू, हे मला विचारू नकोस. … मुळीच सांगणार नाही. तुझ्या मनाला येईल ते घाल. … फक्त चपला घरच्याच घाल, मऊ तळव्यांच्या. बराच वेळ उभे राहावे लागेल.

… हो. … हो, निघालोच. ठेव आता.