बहात्तर सैतान आणि दोन राखणदार

...आणि वर मलाच विचारतात, ‘डॉन फाउस्तीनो, बहात्तर सैतान असे कसे हो हरवतात?’ कसे म्हणजे? हरवले! लोकांची छत्री हरवते, किल्ली हरवते, माझे बहात्तर सैतान हरवले! बरं, कुणी चोरले म्हणाल, तर नाही. उंदरांनी खाल्ले म्हणाल, तर नाही. राखणदारांनी नेले! मीच दारात बसवलेल्या राखणदारांनी! आणि नेऊन झाल्यावर कॉम्प्युटरच्या पडद्यावर ही एवढी मोठी हिरवी खूण, आणि खाली लिहिलंय काय? ‘अभिनंदन! आपला संगणक आता सुरक्षित आहे.’

हसू नका. समोरच्या दुकानातला शिंपी रेम्बेर्तो हसतोय तेवढं पुरे आहे.

पहिल्यापासून सांगतो. ओरुरोत, म्हणजे आमच्या खाणींच्या शहरात, सैतान शिवणारी दुकानं पुष्कळ, पण आमच्यासारखं दुकान नाही, हे मी नाही म्हणत, गल्ली म्हणते. कार्निव्हलच्या शनिवारी खाणीच्या माऊलीसमोर आमच्या मंडळाचे बहात्तर जण सैतानांचा नाच नाचतात, सगळे माझ्या कपड्यांत. माझ्या म्हणजे... देमेत्रियाच्या. देमेत्रिया म्हणजे बायको. शिवते ती, कापते ती, मापं घेते ती. मी दुकानात बसून बोलतो. तेही काम आहेच की! आणि एका सैतानाची मापं किती असतात माहितेय? एकोणीस! छाती, कंबर, पोटरी, कानापासून कानापर्यंत डोकं... ही सगळी देमेत्रियाच्या चार वह्यांत. नावं नाहीत, नुसती चित्रं! बसवाला असेल तर चाक, दातांचा डॉक्टर असेल तर दाढ, बायकोला घाबरणारा असेल तर ससा. ससे बरेच होते. मी एकदा विचारलं, ‘माझं चित्र कुठलं गं?’ म्हणाली, ‘तू गिऱ्हाईक कुठेयस?’

तर चाललं होतं छान. पण रेम्बेर्तोने कॉम्प्युटर आणला! काचेआड मांडून ठेवला, नवरीसारखा सजवून! मग मी काय वह्या घेऊन बसू? मी बोलावलं इंजिनिअर लिंबर्टला. आला, बॅग ठेवली, दुकानभर नजर फिरवली आणि म्हणतो, ‘डॉन फाउस्तीनो, तुमचा धंदा अजून कागदावर आहे? आता सगळं एका प्रोग्रॅममध्ये! बोट दाबलं की सैतान हजर!’ घेतला प्रोग्रॅम. त्याचा पहिला प्रश्न, ‘ग्राहकाचा प्रकार निवडा: व्यक्ती की संस्था?’ मी म्हटलं, सैतान. लिंबर्ट म्हणाला, ‘‘इतर’ दाबा.’ बहात्तर वेळा ‘इतर’ दाबलं हो! तीन आठवडे देमेत्रिया वहीतून वाचतेय, मी एका बोटाने टाइप करतोय. ‘दाढ, कंबर एकशे चार.’ मी शोधतोय, एक कुठंय, शून्य कुठंय... ती म्हणायची, ‘एवढ्यात मी दोन सैतान शिवले असते.’

संपलं एकदाचं. मग आला महिन्याचा पहिला शुक्रवार, म्हणजे धरणीमायला धूप घालायचा, नवी वस्तू ओवाळायची. आणि नव्या वस्तूला धर्मबाप नको? नव्या टॅक्सीला असतो, नव्या छपराला असतो, कॉम्प्युटरनेच काय घोडं मारलंय? धर्मबाप झाले डॉन अनिसेतो. दातांचे डॉक्टर, मंडळाचे अध्यक्ष, आणि बहात्तर जणांत पुढे नाचणारे एकमेव देवदूत. त्यांनी कॉम्प्युटरच्या गळ्यात कागदी माळा घातल्या, रंगीत टिकल्या उधळल्या, चार कोपऱ्यांवर बियर शिंपडली. शेगडीवर साखरेच्या बाहुल्या, लामा प्राण्याची चरबी, धूर असा की काही विचारू नका! आणि दोन ग्लास झाल्यावर माणसाला जरा मोठं बोलावंसं वाटतं ना... मी उठलो, म्हटलं, ‘जुनं ते धरणीमायला अर्पण!’ आणि घातल्या चारी वह्या शेगडीत.

काय पेटल्या म्हणता! तेल प्यायलेले पुठ्ठे, भडाभडा! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात देमेत्रिया चीजच्या पुऱ्यांचं ताट घेऊन बाहेर आली. शेगडीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. ताट खाली ठेवलं, आणि आत गेली. तिने आरडाओरडा केला असता ना, तर मी सुटलो असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, ‘देमे, मीठ कुठंय?’

म्हणाली, ‘मशीनला विचार.’

‘माझे मोजे?’ ‘मशीनला विचार.’ ‘आज जेवायला काय?’ ‘मशीनला विचार!’ साडेतीन महिने, माझ्याशी एवढंच! शेजारणींशी तासन् तास बोलते हो, कुत्र्याशी बोलते!

आता राखणदार. तुम्हाला सांगतो, कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरतात, भुरटे प्रोग्रॅम शिरतात, म्हणून दारात राखणदार बसवावा लागतो, त्याला म्हणतात अँटिव्हायरस. एक तर मशीनबरोबर फुकट आलाच होता. पण धर्मबाप रिकाम्या हाताने येतो का? डॉन अनिसेतो भेट घेऊन आले, दुसरा अँटिव्हायरस! डब्यात, वर रिबीन! लिंबर्ट म्हणाला, ‘अहो, एकच पुरे, दोन भांडतील.’ डॉन अनिसेतोंचा चेहरा पडला. ‘म्हणजे मी धर्मबाप, आणि माझी भेट परत?’ सांगा, धर्मबापाची भेट कुणी परत पाठवतं का? मेलो तरी नाही! बसवले दोन्ही.

झालं! पहिला म्हणतो, ‘सावधान! कुणीतरी आपल्या संगणकावर पाळत ठेवून आहे.’ दुसरा म्हणतो, ‘सावधान! कुणीतरी आपल्या संगणकावर पाळत ठेवून आहे.’ आणि गंमत बघा, दोघंही खरं बोलत होते! दिवसभर एकमेकांची झडती. मशीन इतकं थकलेलं, की एक अक्षर दाबायचं, कोपऱ्यावर जाऊन मक्याची गरम आपी प्यायची, परत येईपर्यंत अक्षर उमटलं तर उमटलं. आणि दर तासाला, न चुकता, ‘अभिनंदन! आपला संगणक आता सुरक्षित आहे.’

आणि एक दिवस प्रश्न आला. पडद्याच्या मधोमध, लाल चौकटीत. ‘अनोळखी प्रोग्रॅम आढळला. रोज पहाटे आपोआप जागा होतो. बहात्तर फाइली उघडतो. मालकाचं नाव सांगत नाही. ठेवायचा की काढायचा?’

आता तुमच्या घरात कुणी पहाटे उठून बहात्तर कपाटं उघडतंय आणि नावही सांगत नाही, तर काय कराल? चहा विचाराल? मी ‘काढा’ दाबलं. दाबलं कसलं, ठोकलं! आणि आलं, ‘अभिनंदन! आपला संगणक आता सुरक्षित आहे.’ इतका खूश झालो, की रस्ता ओलांडून रेम्बेर्तोला सांगून आलो, ‘आमच्याकडे एक घुसला होता, काढला!’

मग कार्निव्हलला उरले अकरा दिवस. भरतकाम जुलैपासून तयार, आता फक्त मापाने कापून जोडायचं. मी मशीन लावलं, प्रोग्रॅम शोधला... नाही. खाली बघितलं, वर बघितलं, मशीनच्या मागे बघितलं. नाही! लिंबर्ट धावत आला. दोन बटणं दाबली, पांढरा पडला. ‘डॉन फाउस्तीनो, तुम्ही काढलात तो आपलाच प्रोग्रॅम होता, मापांसकट.’

‘मग त्याने मालकाचं नाव का नाही सांगितलं?’

लिंबर्ट बुटांकडे बघायला लागला. ‘ती प्रत... तशी... एका मित्राकडून घेतलेली होती.’

ऐकलंत? चोरीचा! मी चोराला धर्मबाप दिला, माळा घातल्या, बियर पाजली! लिंबर्ट म्हणाला, ‘पण घाबरू नका. राखणदार लगेच मारत नाही. धरलेल्याला कोठडीत ठेवतो. तिथे त्याला काही करता येत नाही, त्याच्यामुळे कुणाचं काही बिघडत नाही. तीस दिवस ठेवतो. तीस दिवसांत कुणी सोडवलं तर ठीक, नाहीतर कायमचा पुसतो.’ मी विचारलं, ‘किती दिवस झाले?’ म्हणाला, ‘अठ्ठावीस.’

तुम्ही म्हणाल, मापं परत घे ना! घेतो! पण कोण घेणार? एकोणीस मापं घेणारी बाई म्हणते मशीनला विचार. आणि मी दारोदार टेप घेऊन फिरलो, की अख्ख्या ओरुरोला कळणार, आणि बहात्तर जण रस्ता ओलांडून रेम्बेर्तोकडे. आणि हा काही नुसता नाच नाही हो. यातल्या कित्येकांचा माऊलीला तीन वर्षं नाचायचा नवस, आणि यंदा तिसरं वर्ष. कपड्यांवाचून नवस मोडला, तर तो कुणाच्या माथी? माझ्या! माऊलीला काय सांगू, ‘इतर’ दाबलं होतं म्हणून?

तर सुटकेची खटपट सुरू. पहिल्या राखणदाराला म्हटलं, सोड. त्याने सोडला. दाराबाहेर दुसरा उभाच! त्याने धरला. दुसऱ्याला म्हटलं, सोड. पहिल्याने धरला! या दारातून त्या दारात, या कोठडीतून त्या कोठडीत, आणि प्रत्येक वेळी, प्रत्येक वेळी, ‘अभिनंदन!’ लिंबर्ट म्हणाला, दुसऱ्याला झोपवू. झोपवायला पासवर्ड हवा. पासवर्ड कुणाला माहीत? धर्मबापाला. धर्मबापाने तो ठेवला कधी? त्या शुक्रवारी, पाचव्या ग्लासनंतर!

डॉन अनिसेतो आले, दवाखान्यात एक बाई तोंड उघडं ठेवून बसली होती, तिला तशीच ठेवून आले. विचार करून माऊलीचं नाव टाकलं, चूक. बायकोचं नाव, चूक. मग इकडेतिकडे बघून, हाताने झाकून आणखी एक नाव टाकलं, तेही चूक. तीन चुका झाल्या की मशीन तासभर बोलत नाही. देमेत्रियापेक्षा बरं, तासानंतर तरी बोलतं! असे दोन दिवस गेले. तिसाव्या दिवशी काही सुचेना, तेव्हा मी म्हटलं, कुठेतरी धरणीमाय रागावलीय, आपण माफी मागू. पुन्हा शेगडी, पुन्हा माळा, पुन्हा बियर. आणि टिकल्या कोण उधळतोय? लिंबर्ट! इंजिनिअर माणूस, डोळे मिटून, पुटपुटत! बियर जरा सढळ पडली असेल, मी नाही म्हणत नाही. मशीनने ‘फुस्स’ केलं, बंद पडलं, परत सुरू झालं, आणि पडदाभर हिरवं... ‘आढळलेले धोके: बहात्तर. पुसलेले धोके: बहात्तर. अभिनंदन! आपला संगणक आता सुरक्षित आहे.’

डॉन अनिसेतो म्हणाले, ‘डॉन फाउस्तीनो, मी देवदूत आहे हो, मला धोक्यात का धरलं?’

बातमी फुटलीच. आठवडाभर दुकानात रांग, पण भांडायला! बसवाले, खाणवाले, चिलीहून खास नाचायला आलेले, बहात्तरच्या बहात्तर येऊन हात वर करकरून ओरडून गेले. ‘तीन वर्षांचा नवस, फाउस्तीनो! चड्डीवर नाचू का माऊलीसमोर?’ समोर रेम्बेर्तो दारात उभा, हातात टेप. मी नुसता मान खाली घालून ‘हो, हो’ करत होतो. शेवटी उठलो, आतल्या खोलीत गेलो. देमेत्रिया शिलाई मशीनवर. खोटं कशाला बोलू, रडलो. म्हटलं, ‘देमे, चुकलं माझं. तुझी बावीस वर्षं मी शेगडीत घातली. मला बोल, मार, पण एवढ्या वेळी वाचव.’

तिने सुईत दोरा ओवला. मान वर न करता म्हणाली, ‘चौसष्ट झालेत. कापडावर रडू नकोस, रंग जाईल.’

बघतो तर काय! भिंतीला चौसष्ट सैतान टांगलेले! अहो, आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाईक हात वर करून माझ्यावर ओरडत होतं, आणि ही पाठीमागून लोकरीचा दोरा गुंडाळून मापं घेत होती! छाती, कंबर, पोटरी, एका गाठीला एक माप. ओरडणारा माणूस हलत नाही, म्हणते, श्वासही पूर्ण भरलेला असतो. कुणाला पत्ता नाही! वर काय म्हणते, ‘तुझ्या मशीनमधली मापं गेल्या वर्षीची होती. देवदूताचं पोट तेव्हापासून चार बोटं पुढे आलंय. त्या मापाने शिवलं असतं तर माऊलीसमोर पहिल्याच उडीत उसवलं असतं.’

शनिवारी बहात्तर नाचले. एक टाका उसवला नाही. मी कडेला उभा राहून रडत होतो, लोकांना वाटलं भक्तीने.

आता नवी वही आहे. ती कुठे ठेवलीय, ते मला माहीत नाही. आतल्या खोलीच्या दाराला आतून कडी आहे. माझी खुर्ची बाहेर, कॉम्प्युटरच्या शेजारी, ‘वह्या, काड्यापेटी, बियर याला देऊ नये’ असं तिने गिऱ्हाइकांना सांगून ठेवलंय. परवा एका बाईने विचारलं, ‘डोन्या देमेत्रिया, यांना असं बाहेर का बसवलंत?’ तर ही काय म्हणाली? ‘तिथे त्याला काही करता येत नाही, त्याच्यामुळे कुणाचं काही बिघडत नाही. दुकान आता सुरक्षित आहे.’

लिंबर्टचे शब्द! भिंतीआडून सगळं ऐकत होती! तेव्हापासून मी जरा दिवस मोजतो, बाहेर बसवल्यापासूनचे. तीस दिवसांचं ते काय होतं, तेही तिने ऐकलं असेल का, विचारायची हिंमत होत नाही.

आज अठ्ठाविसावा आहे.