सात नंबरची सीडी

...आणि वर बायको म्हणते, "तुम्ही जळता!" मी? जळतो? छे हो! तुम्हाला सांगतो, माणसानं कुठलं तरी एकच काम धरावं ना! आमचे साडू गाण्यांची परीक्षणं लिहितात. लिहा बाबा! मीही तेच करतो, वीस वर्षं, त्याच डुगडुगत्या खुर्चीत. पण ह्यांनी मध्येच कादंबरी काढली! तिच्यात कोण? तर एक गायिका आणि तिच्यावर परीक्षणं लिहिणारा एक खडूस. मग त्या गायिकेसाठी गाणी लिहिली, आणि ती खरोखरच्या गायिकेनं गायली! म्हणजे स्वयंपाक ह्यांचा, वाढणार हेच, आणि "वा, काय चव!" म्हणणारेही हेच! माझी कादंबरी? आहे की! ड्रॉवरमध्ये. अकरा वर्षं तिसऱ्या प्रकरणावर. पण जळतो? छे हो!

मेहुणीचा फोन : "भाऊजी, ह्यांचं गाणं ऐकून आई रडली हो!" रडणारच! माझ्या लिखाणावर सासूबाई एकदाच बोलल्यात, "तुमच्या पेपरचा कागद जाड आहे, कपाटात घालायला बरा."

आता पुढचं ऐका. आमच्या संपादकांचा नियम असा, की परीक्षणाला आलेल्या सीडीचं कव्हर काढायचं, वर नुसता नंबर टाकायचा. "नाव वाचून लिहू नका, कानानं लिहा!" मला आली सात नंबर. लावली... आणि काय सांगू! एक माणूस बंद दाराआडून दुसऱ्यासाठी पडणाऱ्या टाळ्या ऐकतोय, आत जात नाही, जिन्यावरच बसून राहतो... बास, एवढंच गाणं! डोळे भरले हो माझे, खोटं कशाला बोलू? ह्या गीतकारानं मला पाहिलं तरी कुठं? लिहून टाकलं, 'असे शब्द मला कधी जमले नाहीत, जमणारही नाहीत.'

सकाळी छापून आलं, दुपारी साडूंचा फोन! "अहो, माझं गाणं... आणि तुम्ही एवढं लिहिलंत? मनाचे फार मोठे हो तुम्ही!"

मोठा कसला, हातातला कप खाली ठेवायचं सुचेना मला!

आता त्यांच्या कादंबरीची नवी आवृत्ती आलीय. मागच्या कव्हरवर माझं ते वाक्य, खाली माझं नाव, ठळक अक्षरांत! वीस वर्षं वाट पाहिली पुस्तकावर नाव यायची, आलं... त्यांच्या!

काय करणार? पाच प्रती आणल्या. बाहेरच्या खोलीत टेबलावर मांडून ठेवल्यात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशा. जळतो? छे हो!

फक्त पालथ्या ठेवल्यात.